सातव्या वाशाचं दक्षिण टोक

१

सातवा वासा दक्षिणेकडच्या टोकानं खाली आला, तेव्हा ग्रंथपाल रामभाऊ बरोबर त्याच्याखाली बसून पुस्तकांच्या पाठींवर नंबर चिकटवत होते. वासा डोक्यावर न पडता मांडीवर पडला, एवढीच काय ती देवाची कृपा. हाड मोडलं. माळ्यावरची पुस्तकं मात्र घसरगुंडीवरून यावीत तशी एकेक करून खाली आली आणि त्यांच्याभोवती ढीग झाला.

इंदुरात राजवाड्यामागच्या गल्लीतलं हे मराठी वाचनालय. उंच छताचं दालन, पुस्तकांना जागा पुरेना, म्हणून दालनात सागवानी माळा घातला होता. दोन जाडजूड तुळया, एक दक्षिणेला, एक उत्तरेला. आणि त्यांच्यामध्ये ओळीनं वासे. वाशाचं प्रत्येक टोक तुळईला धरून ठेवायला लोखंडी हँगर. उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या.

मी शैलजा. विमा कंपन्यांसाठी पडलेलं, जळलेलं, भिजलेलं बघत फिरते. इमारतींचं सॉफ्टवेअर मी कॉलेजात शिकले नाही. धाकट्या मुलीच्या दहावीत तिला जागं ठेवायला शेजारी लॅपटॉप घेऊन बसायचे. ती झोपायची, मी शिकायचे.

मी पोहोचले तेव्हा मंडळाचे अध्यक्ष अप्पासाहेब हात मागे बांधून उभे होते. पूर्वज होळकरांच्या दरबारात होते, हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळतं. जमिनीवर टेकलेल्या वाशाच्या टोकाला त्याचा हँगर अजून लागलेला होता. तुळईतून स्क्रूसकट उपटून आलेला, तळहाताएवढा.

"एवढासा," अप्पासाहेब म्हणाले. "एवढ्याशावर त्या मुलीनं आमचा माळा टांगला."

"कुठली मुलगी?"

"ऋजुता. माळ्याचं काम घेतलेल्या परेशच्या फर्ममधली. डिझाइन तिचं. परेशनं पाहणी करून रिपोर्ट दिलाय. उद्या संध्याकाळी बैठक आहे. पोलिसात तिच्या नावानं तक्रार द्यायचा ठराव येणार आहे."

परेश मागेच होता. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर बेताचं दुःख. "मॅडम, मलाच वाईट वाटतं. हुशार पोरगी आहे. पण दोन्ही टोकं मी स्वतः तपासली, दोन्हीकडे छोटेच हँगर. आणि अपघातानंतर तिनं कॉम्प्युटरवरची फाइल बदलली. आता फाइलमध्ये मोठा हँगर दिसतो." त्यानं कफ सारखा केला. "सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही हो, माणसं बोलतात."

२

ऋजुता कराडची. इंदुरात येऊन वर्ष झालं असेल-नसेल. तिच्या भाड्याच्या खोलीत लॅपटॉपसमोर ती ताठ बसली होती. रडून झालेलं दिसत होतं, पण ते माझ्यासमोर नव्हतं.

"दाखव," मी म्हटलं.

तिनं दाखवलं. वाशाची रुंदी, उंची, लाकूड सागवान, टोकावर येणारं ओझं. हे सगळं भरलं की सॉफ्टवेअर हँगरची ओळच समोर ठेवतं. जे झेपणार नाहीत ते लाल, झेपणारे हिरवे. हिरव्यातला आपण निवडायचा.

"मंडळाची अट होती की लोखंड दिसायला नको," ती म्हणाली. "म्हणून वाशाच्या टोकात खाच पाडून तिच्यात हँगरची पाती घालायची आणि बोल्ट मारायचा, असा प्रकार घेतला. हे काम सुताराच्या वर्कशॉपमध्येच होतं. साइटवर फक्त वासा उचलायचा, हँगरची बाहेरची बाजू तुळईला स्क्रूनं कसायची आणि वर लाकडी पट्टी मारायची."

"म्हणजे हँगर आधी वाशाला, मग तुळईला."

"हो. सगळीकडे छोटा पुरतो. फक्त सातवा वेगळा. माळ्यावर जायच्या जिन्यासाठी शेजारचा वासा मधेच तोडायला लागला. त्या तुटक्या वाशाचं ओझं सातव्यावर येतं, आणि तेही दक्षिण टोकाजवळ. म्हणून सातव्याच्या दक्षिण टोकाला मोठा, उत्तर टोकाला छोटा." तिनं बोट ठेवलं. दक्षिण टोकासमोर छोटा हँगर लालभडक, मोठा हिरवा.

मी तिला उठवलं, स्वतः बसले आणि सगळे आकडे पुन्हा भरले. लाल तो लाल, हिरवा तो हिरवा.

"मग फाइलची तारीख नंतरची कशी?"

ती पहिल्यांदा अडखळली. "रामभाऊकाकांचा फोटो ग्रुपवर आला. मी घाबरले. वाटलं, माझंच चुकलं का? फाइल उघडली. उघडल्या उघडल्या त्यानं पुन्हा गणित करून सेव्ह केलं. तारीख बदलली. मी काही बदललं नाही."

"हे परेशला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, पोलिसांना सांग." तिनं मान वर केली. "मॅडम, माझं गणित चुकलं असतं ना, तर मी स्वतः जाऊन काकांच्या पायाशी बसले असते. पण ते चुकलेलं नाही. चूक माझी, असं मी सही करून मान्य करणार नाही. नोकरी गेली तरी."

पोरीचा हट्ट मला आवडला. पण हट्टाला वजन नसतं, लोखंडाला असतं. कागदावर मोठा आणि जमिनीवर छोटा. मग मोठा कधी जन्माला तरी आला होता का?

३

असले हँगर आपल्याकडे दुकानात तयार मिळत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये बघायचा आणि लोखंडाच्या माणसाकडून तसा करून घ्यायचा. इथे माणूस नव्हता, बाई होती. सियागंजात प्रेमलताबाईंचं हार्डवेअरचं दुकान आहे, मागे पत्रा कापायचं आणि वाकवायचं कारखान्यासारखं काहीतरी.

दोन हातगाड्या आणि एक मस्तवाल ऑटो चुकवत मी पोहोचले, तर बाई फोनवर कुणाला तरी झापत होत्या. फोन ठेवून त्यांनी मला चहा सांगितला, मी नको म्हणायच्या आत.

"मोठा हँगर? बनवला ना! एकच पीस. एका पीससाठी माझ्या कारागिराची अख्खी दुपार गेली. मी त्या पोरीला म्हटलं, अगं, त्या एकट्याला काय सोन्याचा मुलामा आहे? सगळे एकसारखे ले ले, बात खतम. तर म्हणते, नाही मावशी, तिथं जिना आहे."

"हे कधीचं?"

"पहिल्या लॉटच्याच वेळचं. सगळे एकाच टेम्पोत गेले यतीन सुताराच्या वर्कशॉपला." त्या पुढे वाकल्या. "का हो, माझा माल तुटला का?"

"तुटला नाही. तुळईतून उपटून आला. छोटा."

"छोटा?" त्यांच्या भुवया वर गेल्या. "मग माझा मोठा कुठं आहे?"

तोच तर प्रश्न. बाहेर येऊन मी अप्पासाहेबांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"शैलजाबाई, प्रेमलताबाईंची आठवण हा पुरावा नाही. आणि बनवला असेलही. मग लावला का नाही? कुणी विकून खाल्ला? तुम्ही मला तो हँगर दाखवा. नाही दाखवलात तर ठराव होणार."

४

यतीन सुतारकाम घेतो, आजोबांपासूनचा धंदा. मी दालनात शिरले तेव्हा तो जिन्यावर बसून कचोरी खात होता. मला बघून त्यानं कागद मागे लपवला, मीच जणू मुख्याध्यापिका.

"खा रे. कचोरीवर विमा नाही."

तो हसला, पण अर्धवटच. "मॅडमजी, आम्ही तर जो माल आला तो लावला. बाकी आपल्याला नाही मालूम."

परेशनं तपासणीसाठी दक्षिणेकडच्या सगळ्या पट्ट्या काढून ठेवल्या होत्या, म्हणून वाशांची टोकं उघडी होती. मी शिडी लावून चढले. या वयात शिडी चढले की खालचे लोक श्वास रोखतात, ते मला आवडतं. प्रत्येक टोकाला छोटा हँगर, मुकाट बसलेला. आणि प्रत्येक वाशाच्या गालावर, पट्टीनं झाकल्या जाणाऱ्या जागी, गेरूचा एक ठिपका. पडलेल्या सातव्यावरही होता.

"हे ठिपके कसले, यतीन?"

"बुडाची खूण, मॅडमजी. लाकूड कापलं की बुडखा कुठला, शेंडा कुठला, नंतर समजत नाही. म्हणून सॉमिलवरच बुडाला गेरू लावून टाकतो. बाबांच्या जमान्यापासून."

"म्हणजे सगळ्यांचे बुडखे दक्षिणेला?"

"असायलाच पाहिजेत ना! झाड उभं असतं तेव्हा बूड भारी. घराची दक्षिण बाजूही भारी ठेवायची. आडवं टाकताना बुडखा दक्षिणेला, शेंडा उत्तरेला. उलटं टाकलं तर घरातलं माणूस—"

मी शिडीवरूनच विचारलं, "आणि वर्कशॉपमध्ये? हँगर बसवताना बुडखा-शेंडा बघितलास?"

"नाही, तिकडे तर मॅडमच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या टोकांना. नंबर आणि चिठ्ठी बघून बसवले."

"मग अर्ध्या वाशांचे ठिपके तरी उत्तरेला जायला हवे होते. सगळे दक्षिणेलाच कसे आले?"

यतीननं कचोरीचा कागद चुरगळला. "मी काही बोलणार नाही, मॅडमजी. कसम दिलीय."

"कुणी?"

तो उठून निघून गेला.

हॉस्पिटलात रामभाऊंचा पाय वजन लावून ताणून ठेवला होता. चाळीस-एक वर्षं वाचनालय सांभाळणारा हा माणूस. घर असं नाही, माणसं असतील तर सगळी पुस्तकातली. मला बघून त्यांनी हात जोडले.

"शैलजाताई, तक्रार-बिक्रार काही नको. कुणालाच काही करू नका. माझं नशीब."

"नशिबाचा विमा काढत नाहीत, रामभाऊ. मला कारण लागतं."

त्यांनी कोपरावर उठायचा प्रयत्न केला. मग हळूच म्हणाले, "दक्षिणेचंच टोक पडलं का हो? नक्की दक्षिणेचंच?"

"हो."

त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांतून पाणी आलं. मला तेव्हाच कळलं, कसम कुणी दिली ते.

५

दुसऱ्या दिवशी बैठक दालनातच भरली, पडक्या भागाला दोरी बांधून. अप्पासाहेबांच्या समोर ठरावाचा कागद. ऋजुता शेवटच्या खुर्चीत. परेश पुढच्या.

"हँगर आणलात?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"नाही. तो इथेच आहे, असं मला वाटतं. यतीन, सातव्या वाशाच्या उत्तर टोकाची पट्टी काढ."

"कशाला?" परेश उठलाच. "मॅडम, तिकडे पॉलिश झालंय, खराब होईल. आणि मी बघितलंय म्हटलं ना! छोटाच आहे."

"पॉलिशचे पैसे माझ्या बिलात लावा. काढ रे."

खरं सांगायचं तर, माझ्याकडे तर्क होता, हँगर नव्हता. पट्टीमागे छोटा निघाला असता तर मी एका पोरीला माझ्याच हातानं ठरावावर चढवली असती. ऋजुतानं खुर्चीची कड घट्ट धरली होती.

यतीननं पटाशी घातली. पुट्टी तडकली, पॉलिशचा पापुद्रा लांबलचक सुटला, पट्टी हातात आली. मागे लोखंड होतं. काळं, रुंद, दोन तळहातांएवढं, दोन ओळी भरून स्क्रू. तिथं त्याला काहीही काम नव्हतं. हत्ती आणून उंदराच्या दाराशी बांधावा तसा तो उत्तरेला बसला होता.

"हा माझाच," ऋजुता उभी राहत म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हा दक्षिणेचा आहे."

मी अप्पासाहेबांकडे वळले. "हँगर वाशाला आधीच जोडलेले होते. वासा फिरवला की हँगरही फिरतो. बाकीच्या वाशांना दोन्हीकडे सारखेच हँगर, ते फिरवले तरी बिघडत नाही. म्हणून कुणाला काही जाणवलं नाही. एकट्या सातव्याला ते चालत नव्हतं. बुडखा दक्षिणेला आणण्यासाठी तो फिरवला गेला. मोठा हँगर गेला उत्तरेला आणि जिन्याजवळच्या तुटक्या वाशाचं सगळं ओझं छोट्यावर आलं. माळा रिकामा होता तोवर त्यानं तग धरला, पुस्तकं चढली तसा सुटला."

"म्हणजे सुतारानं उलटा लावला!" परेश चटकन म्हणाला. "बघा, मी तर म्हणतच होतो, साइटवरच्या लोकांचा काही भरवसा—"

यतीनच्या हातातली पटाशी खाली पडली.

"अरे वा, परेशभिया! आता मी? कसम गेली खड्ड्यात. आंगणात वासे पडले होते. रामभाऊकाकांनी गेरू बघितला आणि म्हणाले, बुडखे दक्षिणेला कर. मी म्हटलं, चिठ्ठ्या आहेत, असं नाही करता येत, साहेबांना विचारा. त्यांनी तुम्हाला विचारलं. माझ्यासमोर. तुम्ही फोनवरून डोकंही वर नाही काढलं. काय म्हणालात? 'फिरवा हो काका, क्या फरक पडता है, लकडी तो लकडी.' म्हणालात की नाही?"

अप्पासाहेबांनी परेशकडे मान वळवली.

"मला आठवत नाही," परेश म्हणाला.

"आठवतं," मी म्हटलं. "त्याशिवाय असा रिपोर्ट लिहिता येत नाही. तुम्ही लिहिलंत, दोन्ही टोकं तपासली. ही पट्टी आत्ता आमच्यासमोर पहिल्यांदा उघडली. पुट्टी आणि पॉलिश सलग होतं, सगळ्यांनी तडकताना ऐकलं. दक्षिणेच्या झाडून सगळ्या पट्ट्या काढल्यात आणि उत्तरेच्या एकीलाही हात लावला नाहीत. ज्याला शोधायचं असतं तो दोन्हीकडे बघतो. दक्षिणेला छोटा हँगर बघितल्याबरोबर तुम्हाला कळलं, मोठा कुठं असणार. म्हणूनच ते टोक बंद राहिलं. मग ऋजुताच्या फाइलची तारीख आयती सापडली."

परेश दाराकडे वळला. पण त्या मोठ्या हँगरकडे त्याची नजर गेली आणि तो खाली बसला. बसला म्हणजे नुसता बसला. इस्त्रीचा शर्ट तसाच, आतला माणूस मात्र चुरगळलेला.

अप्पासाहेबांनी ठरावाचा कागद आडवा फाडला. दुसरा कागद घेतला, पेन उघडलं. "तक्रार होणारच," ते म्हणाले. "नाव वेगळं." मग ऋजुताकडे न बघता, जुन्या वळणाच्या माणसाला जमेल तेवढ्या नरमाईनं, "बेटा, पुढचं डिझाइन तूच करशील का?"

"करीन," ऋजुता म्हणाली. "पण प्रत्येक वासा चढताना मी खाली उभी राहीन. आणि मला विचारल्याशिवाय कुणी काही फिरवणार नाही."

"कबूल."

६

हॉस्पिटलात आम्ही दोघी गेलो. ऋजुतानं पपई नेली होती, दुखणेकऱ्याला काय न्यायचं हे कळत नाही अशा वयात माणूस नेतं तसं काहीतरी.

रामभाऊंना यतीननं फोनवर सगळं सांगितलेलं होतं. त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही.

"पोरी, माझ्यामुळे तुझी नोकरी जात होती. मी गप्प राहिलो. वाटलं, यतीनला भोगावं लागेल, मला हसतील. म्हातारा बुडखा-शेंडा करत बसला आणि स्वतःच खाली सापडला."

"काका, तुम्ही विचारलं होतंत," ऋजुता म्हणाली. "न विचारता फिरवलं असतंत तर मी भांडले असते. तुम्ही विचारलंत. उत्तर ज्यानं द्यायचं त्यानं दिलं नाही."

"पण गप्प राहिलो ना?"

"राहिलात." तिनं पपई कापायला घेतली. "त्याचा मला राग आहे. पपई खा, मग बघू."

रामभाऊ हसले. हसताना पाय दुखला, तरी हसले. ऋजुतानं पिशवीतून लॅपटॉप काढला, पलंगाच्या कडेवर ठेवला आणि त्यांना स्क्रीन दिसेल असा फिरवला. सातवा वासा. दक्षिण टोकाला मोठा हँगर, हिरवा. तिनं उत्तर टोकावर क्लिक केलं आणि तिथंही मोठाच निवडला.

"तिकडे तर मोठ्याची गरज नव्हती ना," रामभाऊ डोळे बारीक करून म्हणाले. इतकी वर्षं पुस्तकांत घालवलेला माणूस, चूक लगेच दिसते. "लोखंड फुकट जाईल."

"जाऊ दे फुकट. प्रेमलतामावशी शिव्या देतील, तेवढ्या ऐकून घेईन."

त्यांनी स्क्रीनवरच्या वाशावर बोट ठेवलं. मग शाळेतल्या मुलानं विचारावं तसं, भीत भीत: "आणि बुडखा?"

ऋजुतानं पपईची फोड त्यांच्या हातात दिली.

"दक्षिणेला, काका."